कोपऱ्यावर थांबणारे रायर

पंचापकेशराव घरातून निघाले की गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचे, तिथे थांबायचे, मागे वळायचे आणि आपल्याच घराकडे टक लावून बघायचे. घर जागच्या जागी आहे अशी खात्री पटली की मग पुढे. बऱ्याचदा ती पटायचीच नाही. मग परत येऊन कुलूप ओढून बघणं, किंवा वर माझ्या गॅलरीकडे मान करून विचारणं, "अक्का, आमचे नळाचा आवाज येतोय का हो?" नळाला त्या दिवसांत पाणीच नसायचं, आवाज कुठून येणार? हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तेंच. पाणी नाही म्हणून उघडा राहिला असेल. एकदम आलं तर?"

चेन्नईतल्या आमच्या मैलापुरात सगळे त्यांना रायर म्हणत. नावापुढे राव लावणाऱ्या मराठी माणसाला तमिळ लोक रायर करून टाकतात. त्यांचे पूर्वज तंजावरला आले त्याला तीनशे वर्षं झाली, असं ते सांगत. "तीनशे वर्षं झालीं अक्का, अजून पेटी पुरती उघडली नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. मी हसायची. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

माझी बँकेतली बदली सांगलीहून चेन्नईला झाली आणि आम्ही त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो, ती दोन हजार सालानंतरची पाणीटंचाईची वर्षं. सामान अजून जिन्यात होतं. खालून एक उंच, किडकिडीत, कपाळावर गंधाची बारीक रेघ ओढलेले गृहस्थ वर आले. मला वाटलं, या बसा म्हणतील, निदान चहाचं विचारतील. त्यांनी उभ्या उभ्या सूचना द्यायला सुरुवात केली. टँकरचं पाणी पिण्याचं नाही. कचरा कुठे टाकायचा, कुठे टाकलात तर कोण भांडेल. कोपऱ्यावरच्या देवळाची पालखी निघते त्या दिवशी दारात चपला ठेवायच्या नाहीत. ऑटोवाल्याला आधी भाडं विचारायचं, आणि ते कसं, हे त्यांनी माझ्याकडून तमिळमध्ये घोकून घेतलं. हे सगळं जुन्या बखरीत शोभेल अशा मराठीत आणि तमिळ हेलात. शेवटी जिन्यापर्यंत जाऊन वळले आणि म्हणाले, "अस्कें, सगळें सांगटलों का? काय राहिलं असेल तर? बरं, काफी होणं का?"

त्या कॉफीबरोबर त्यांच्या पत्नी कामाक्षीमामींनी उडदाच्या पिठाचं डांगर दिलं. आमच्याकडे करतात त्याहून पातळ, पण डांगरच. परक्या गावात पहिल्या दिवशी कोणी डांगर पुढे ठेवलं की डोळ्यांत पाणी येतं, तसं ते आलं. पंचापकेशराव घाबरले. "तिखट झालं का?" ते मामींवरच रागावले. तेव्हापासून मी त्यांना मामा म्हणायला लागले.

मामा महापालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. दुकानांचे परवाने, गटारं, डास, लसी, शेजाऱ्यांच्या तक्रारी असं सगळं त्यांच्याकडे. पण त्यांनी मनावर घेतलेलं काम वेगळंच होतं. त्यांच्या हद्दीत कोणी नवं माणूस राहायला आलं की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. आंध्रातले गवंडी, बिहारचे सुतार, नेपाळी पहारेकरी, गुजराती कापडवाले. कोणी आल्याचा वास लागला की मामा छत्री घेऊन हजर. "पाणी उकळून प्या" हे एक वाक्य त्यांना कितीतरी भाषांत येत होतं आणि प्रत्येक भाषेत ते तमिळच वाटायचं. लोक आधी हसत, मग ऐकत. हाताखालची माणसं सांगत, रायर, पत्रकं छापली आहेत, पाट्या लावल्या आहेत, कशाला उन्हातान्हात फिरता? पाटीचं नाव काढलं की मामा छत्री उचलून चालू लागत.

त्याचं कारण मला मामींनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला मामा शहराच्या उत्तरेला, एन्नोरकडे होते. वीज केंद्राच्या कामावर बाहेरून मजूर आले होते, खाडीच्या कडेला त्यांची झोपडी-वस्ती. तिथल्या एका हातपंपाचं पाणी खराब निघालं. मामांनी नियमाप्रमाणे पंपावर पाटी लावली, पिण्यास अयोग्य म्हणून, ठळक तमिळमध्ये, आणि काम झालं म्हणून घरी आले. वस्तीत तमिळ वाचणारं कोणी नव्हतं. त्यांना वाटलं, सरकारने पाटी लावलीय म्हणजे पाणी तपासून चांगलं ठरवलंय. उलट जास्त लोक तिथे भरायला लागले. कळलं तेव्हा एक बाई तापाने फणफणलेलं पोर खांद्यावर टाकून स्टेशनाकडे चालली होती. मामा तिच्यामागे गेले, गाडी निघून गेली.

"तें लेकरू वाचलं की नाही, अजून ठाऊक नाही," एवढंच एकदा मामा मला म्हणाले. तेव्हापासून हा माणूस कुठल्याही पाटीवर, पत्रकावर, सहीशिक्क्यावर विश्वास ठेवत नाही. तोंडाने सांगायचं, समोरच्याने मान हलवेपर्यंत सांगायचं आणि तरी कोपऱ्यावरून वळून बघायचं.

माझी शाखा साहुकारपेठेत होती, मामांच्याच हद्दीत. ती गल्लीच सोन्याचांदीची. दागिने घडवणारे बंगाली, विकणारे मारवाडी आणि जुनं सोनं वितळवून शुद्ध करणारे आमचे सांगलीकडचे गलाईवाले. खानापूर तालुक्यातला माणूस हिंदुस्थानात कुठेही गलाईच्या भट्टीपुढे सापडायचा, तसा इथे विलास जाधव होता. बायको सुनंदा, खाली दुकान आणि भट्टी, वर खोली. माझ्या आडनावावरून त्याने ओळख काढली आणि मी सांगलीहून आले म्हटल्यावर तो मला ताईच म्हणायला लागला.

एका दुपारी तो बँकेत आला तो पार उतरलेल्या चेहऱ्याने. "ताई, गल्लीनं अर्ज केलाय आमच्यावर. धुराचा. आता परवाना बंद करत्यात म्हनं. तुमच्या घरमालकाच्या हातात हाय समदं. मराठी मानूस हाय, तुमी एक शब्द टाका."

मी शब्द टाकला. मामांचा चेहरा असा झाला की बोलून चूक केली असं वाटलं.

"मराठी म्हणून आलें का तें?" त्यांनी विचारलं. "अक्का, मी त्यांचे बाजूनें लिहिलों तर गल्ली सांगेल, रायर आपले लोकांस सांभाळतो. विरुद्ध लिहिलों तर तें सांगतील, तीनशे वर्षांत रक्त पातळ झालं. मी कोण, हें मलाच नीट ठाऊक नाही. ह्यांना कोठून ठाऊक असणार?"

पोंगलनंतर मामा निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी येणारा साहेब कडक म्हणून प्रसिद्ध होता. तक्रार तोवर मिटली नाही तर तो भट्टी, दुकान, सगळ्यालाच कुलूप लावून मोकळा होईल आणि जाधवांना गाशा गुंडाळावा लागेल, हे मामांना दिसत होतं. मग त्यांनी जेवण सोडल्यासारखंच केलं. मामी ताट वाढायच्या, हे भात कालवत बसायचे.

धूर खोटा नव्हता. सोन्यातलं हीण जाळायला तेजाब लागतं, त्याचा पिवळट धूर निघतो आणि घसा धरतो. विलासने मामांच्या सांगण्यावरून नळकांडं उंच केलं, आणखी उंच केलं, काम दुपारपुरतंच ठेवलं. तरी तक्रार मागे घेतली जाईना. अर्जावर पहिली सही शेजारच्या कोकिळाअम्माची होती. सत्तरीची, एकटी, ताठ बाई. बाकीच्यांनी तिच्याकडे बघून सह्या केल्या होत्या. मामा तिच्याकडे गेले की ती दारातच उभी राहून म्हणायची, धूर. बस्स, एवढंच. मामा परत येऊन मला सांगायचे, "धूर सांगते, पण डोळे धुराचे नव्हत. कशाचे तें कळत नाही." आणि पुन्हा भात कालवत बसायचे.

मार्गळी, पोंगलआधीचा तिकडचा पवित्र महिना, लागला. मैलापुरात पहाटे देवळांतून भजनं, आणि दारोदारी कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तिकडच्या रांगोळ्या, एरवीपेक्षा मोठ्या, मध्ये शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल. मामा एका सकाळी मला म्हणाले, "अक्का, तुमची बँक उघडण्यापूर्वी माझ्याबरोबर येता का? मी आजवर धूर असतां गेलों. धूर नसतांना तें गल्ली पाहिलोंच नाही."

आम्ही पोचलो तेव्हा उजाडत होतं. कोकिळाअम्माच्या दारात कोलम होता. काय कोलम होता! ठिपक्यांभोवती वळत गेलेली एकच रेघ, कुठे जोड दिसेल तर शपथ. अम्मा आत गेलेली. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि सुनंदा झाडू घेऊन बाहेर आली. आपला उंबरा झाडला, पायरी झाडली आणि तसाच झाडू पुढे नेऊन कोकिळाअम्माचा अख्खा कोलम झाडून घेतला. फूल उचलून अलगद भिंतीशी ठेवलं. केर सुपलीत भरला, डब्यात ओतला, आणि ती आत निघाली.

मामांनी माझं मनगट धरलं.

"सुनंदाबाई," त्यांनी हाक मारली. "हें रोज करता?"

"व्हय साहेब," ती पदर सावरत म्हणाली. "आल्यापास्नं. आमच्या धंद्यात केर टाकत न्हाईत, सोन्याचा कण असतोय त्यात. पायाला लागून शेजारच्या दारापतूर जातोय, म्हनून थितलंबी झाडते. आन् त्यांची कालची रांगोळी बी तशीच असती की. शिळी रांगोळी दारात ऱ्हाऊ नये. म्हातारं मानूस, वाकायला हुईत नसंल, म्हनून मीच काढते. कदी चांगलं म्हनल्या न्हाईत, पर म्या काय चांगलं म्हनावं म्हनून करत न्हाई."

मला आधी काही कळेना. आमच्याकडे सकाळी आधी झाडायचं, सडा घालायचा, मग रांगोळी. झाडायच्या वेळी दारात दिसते ती रांगोळी कालचीच असणार. मीसुद्धा सुनंदाच्या जागी असते तर झाडूनच काढली असती. पण मामांच्या घरी मराठी बोलतात आणि कोलमही घालतात, पहाटे अंधार असताना. त्यांना क्षणात सगळं दिसलं. ती बाई अंधारात उठून, गुडघे धरत, पवित्र महिन्यातला कोलम काढते, आणि उजाडता उजाडता शेजारीण तो पुसून नेते. एक दिवस नव्हे, रोज. आल्यापासून. दारातलं मंगल कोणी पुसलं तर त्याला तिच्या भाषेत एकच अर्थ आहे: या घराचं वाईट व्हावं.

आणि एवढं होऊनही तिने सुनंदाला एका शब्दाने विचारलं नव्हतं. अर्ज केला तो धुराचा, कारण कोलम पुसला असा अर्ज कुठल्या कचेरीत चालतो?

"हें केर पुढें काय करता?" मामांनी विचारलं. डब्यात राखेच्या रंगात पीठ पांढरं दिसत होतं.

"साठला की भट्टीत जाळतात. सोनं तेवढं खाली ऱ्हातं."

मामा जिन्याच्या पायरीवरच बसले. सुनंदाला त्यांनी सांगितलं, हळूहळू, ती मान हलवेपर्यंत. "आवं, मग त्या मला काय समजत असत्याल?" ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली. झाडू हातात तसाच. मला वाटलं, झालं, सुटला गुंता. आता दोघींना समोरासमोर उभं केलं की संपलं. मी तसं म्हटलंही. मामा म्हणाले, "अक्का, गाठ दिसली म्हणजे सुटली नव्हे."

त्यांनी निकाल लिहिला तो असा: भट्टी गल्लीत राहू शकत नाही, पोंगलच्या आत शहराबाहेर न्यावी. दुकान आणि घर राहू शकतं, शेजाऱ्यांची हरकत नसेल तर. मी चिडले. खरं कारण कळल्यावर भट्टी हलवायची काय गरज? "धूर खोटा नव्हता ना?" मामा म्हणाले. "कोलमासाठीं रागावली म्हणून तिचा घसा धरायचा थांबला का?"

विलासला ते ऐकवायला मामा स्वतः गेले, कागद पाठवला नाही. तो खालच्या आवाजात बोलला, म्हणून जास्त लागलं. "आपला म्हनून आलो हुतो साहेब. तुमी इथलंच झाला." मामांनी ऐकून घेतलं. माधवरमच्या बाजूला एका कारखान्याच्या आवारात जागा आहे, भाड्याचं मी बोलून ठेवलंय, तिकडे जाणारी बस कुठून सुटते, हे सांगितलं. दोनदा सांगितलं. विलासने मान हलवली नाही.

मग ते कोकिळाअम्माकडे गेले. मी बरोबर होते, पण दाराबाहेर. ते तिच्याशी तमिळमध्ये बोलले, मला तेव्हा पुरेसं कळत होतं. आमच्या मूळ देशात, ते म्हणाले, दारात कालची रांगोळी राहिली तर लोक समजतात या घरात उठून झाडणारं कोणी उरलं नाही. ते तुमच्या दारात दिसू नये म्हणून ही मुलगी रोज झाडत होती. अम्माने पाणीही विचारलं नाही. पीठ भट्टीत जातं, हे मामांनी तिला सांगितलं नव्हतं, आणि परत येताना बसमध्ये त्याचीच काळजी. "सांगणें होतं का? लपवलों असं झालं का? उद्यां दुसऱ्या कोणाकडून कळलं तर?"

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. सुनंदाने त्या दाराकडे झाडू नेणं सोडलं, दाराबाहेर पडणंच सोडलं. विलास भट्टीचं सामान बांधत होता, आणि म्हणे दुकानाचंही. सरळ गावाकडे, विट्याला जावं, असं त्याच्या मनात घोळत होतं. ज्या दिवशी हरकती ऐकायच्या होत्या तो दिवस जवळ येत होता. मामांच्या निवृत्तीसाठी कचेरीने हार मागवला होता, मामी नवी वेष्टी, तिकडचं धोतर, आणून बसल्या होत्या, आणि हे सकाळ-संध्याकाळ गॅलरीखाली येऊन विचारत, "अक्का, तुमचे बँकेत आले का जाधव? काय बोलले? चेहरा कसा होता?" मी खोटं बोलून बघितलं. त्यांना लगेच कळायचं.

भोगीच्या आदल्या दिवशी मामांनी भल्या सकाळी पुन्हा दार वाजवलं. आम्ही त्याच बसने गेलो. पण साहुकारपेठेच्या त्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. "मी येत नाही," म्हणाले. "तुम्ही पाहून या. मला पाहून ती दोघी जसं नाही तसं करतील." खरं तर त्यांच्यात धीर नव्हता. मी त्यांना तसं म्हणाले नाही.

गल्लीत धुकं होतं. कोकिळाअम्मा दारात नव्हती. तिच्या दारातला कोलम काढून झालेला होता. ती वाकली होती ती जाधवांच्या बंद दारापुढे. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून पीठ सुटत होतं. तिच्या उंबऱ्यापासून निघालेली रेघ न तुटता इकडच्या पायरीपर्यंत आली होती. मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

दार उघडलं. सुनंदा होती, हातात सवयीचा झाडू. खाली बघितलं आणि तिचा पाय उंबऱ्यातच अडखळला. पुढे टाकायला जागा नव्हती. अम्मा सावकाश सरळ झाली. हसली वगैरे नाही. कंबरेवर हात ठेवून, शाळेतल्या बाई सांगतात तशी, बोटाने जमिनीकडे दाखवून म्हणाली,

"इदु इन्निक्कु पोट्टदु."

हे आज काढलेलं आहे.

सुनंदाने झाडू दाराआड ठेवला.

मी जवळजवळ पळतच कोपऱ्यावर आले. मामांचा हात छत्रीवर आवळलेला होता. मी सांगितलं, शब्द न् शब्द सांगितला, तिचं वाक्यसुद्धा तिच्यासारखं म्हणून दाखवलं. हरकत घ्यायला आता कोणी जाणार नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार. (कोणी गेलं नाही. माझी बदली होईपर्यंत जाधवांचं दुकान तिथेच होतं.) मामांचे डोळे भरले होते. त्यांनी चष्मा काढून वेष्टीच्या टोकाला पुसला, परत घातला.

"बरं झालं," ते म्हणाले. "आजचं झालं." मग थोडं थांबून, "उद्यां?"

मला बँकेत जायचं होतं. मी त्यांना बसथांब्याकडे पाठवलं आणि रस्त्याच्या या बाजूला उभी राहिले. ते थोडं चालले, थांबले आणि वळून गल्लीकडे बघू लागले. बस आली, माणसं चढली, कंडक्टरने शिट्टी मारली. मामा अजून तिकडेच बघत होते.